याकेअण्णांची तिरळी मोटार

मल्लेशअण्णांच्या मोटारीची पुढची दोन्ही चाकं मी एका दुपारी एकमेकांकडे पाठ करून उभी केली आणि दुसऱ्या दिवशी त्यांना त्याच मोटारीतून सासुरवाडीला पाठवलं.

माझा आणि मोटारींचा संबंध एवढाच. मी सोलापुरात एका गिरणीच्या कचेरीत कारकुनी करत होतो. यंत्राच्या आवाजात दिवस काढणाऱ्या माणसाला यंत्रातलं थोडंफार कळत असणार, असा माझ्या शेजाऱ्यांचा समज होता. तो खोडून काढण्याइतका मी प्रामाणिक नव्हतो. गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावता येणं हे माझं एकूण यंत्रज्ञान.

मल्लेशअण्णांचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून होतं. पेठेत त्यांचं बैलाच्या साजाचं दुकान. दोर, कासरे, वेसणी, घुंगुरमाळा, झुली, शिंगांना लावायच्या पितळी शेंब्या. अक्कलकोटकडचे शेतकरी त्यांच्याशी कानडीत बोलत, बार्शीकडचे मराठीत, आणि अण्णा दोघांशीही प्रश्नात बोलत. कुणी कासरा मागितला तर विचारत, "याके? आधीचा कुटं तुटला? तितंच का तुटला? बैल कोणत्या अंगाला वढतो?" गिऱ्हाइकाला कासरा हवा असे, चौकशी समिती नको असे. पण अण्णांच्या दुकानातून गेलेला कासरा त्याच जागी पुन्हा तुटत नसे, हेही खरं. 'याके' म्हणजे कानडीत 'का'. दिवसातून हा शब्द ते इतक्या वेळा उच्चारत, की पेठेत त्यांना मल्लेशप्पा म्हणून फक्त पोस्टमन ओळखत असे. बाकी सगळ्यांचे ते याकेअण्णा.

माणूस उंच, वाळलेला, कपाळाला भस्म, डोक्याला पिवळा रुमाल. कुणाशी बोलताना ते तोंडाकडे कमी आणि पायांकडे जास्त बघत. नवीन माणसाला हा संकोच वाटे. संकोच वगैरे काही नव्हता. ते वहाणा वाचत. टाच कुठे झिजली, अंगठा कुठे रुतला, यावरून माणूस चढावर राहतो की सखल जागी, ओझं कोणत्या खांद्यावर घेतो, हे सांगायचा त्यांना नाद होता. निम्म्या वेळा चुकत. चुकले की जास्त खूश होत, कारण मग पुन्हा 'याके' विचारायला वाव मिळे. माझ्या वहाणा त्यांनी पहिल्याच भेटीत हातात घेऊन उलट्यापालट्या करून पाहिल्या.

"केशवराव, तुमच्या वहाणा निस्त्या भाईरनं झिजल्यात की."

"असतील. चांभार वाईट."

"चांभार कशाला वाईट आसंल? दोनी सारक्याच झिजल्यात. याके?"

मी काहीतरी सांगून विषय बदलला. माणसानं स्वतःच्या चालीचा विचार करायचा नसतो. केला तर पायरीवर अडखळतो.

अशा या माणसानं, बैलांच्या साजावर ज्याचं घर चालत होतं त्यानं, स्वतःची बैलजोडी विकून मोटार घेतली. बैल साधेसुधे नव्हते. सासऱ्यांच्या घरच्या गाईच्या पोटची, त्यांनीच निवडून धाडलेली खिलारी जोडी होती. सासरे म्हणजे वळसंगचे गुरुपादप्पा. त्यांनी बातमी ऐकली आणि निरोप पाठवला. त्यांच्या वाड्याच्या फाटकाला दोन उभे दगड होते. दोहोंमधून गाडी जेमतेम जाई. मधे दोन्ही बाजूंना वीत वीतभर जागा. निरोप असा होता: "माजी जोडी पळत्या चालीनं ह्या दगडांतनं जात हुती, दगडाला कवा शिवली न्हाय. जावयाचं यंत्र तसं आलं तर लेकीला धाडावं. न्हाय आलं तर बैलं परत आणावीत. तवर तोंड दावू नये."

बैल कधीच नातेपुत्याच्या बाजारात विकले गेले होते. राहिली मोटार. आणि राहिल्या गौराक्का, अण्णांच्या पत्नी.

गौराक्का भांडल्या नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं, की मी जाईन तर माझ्या दारच्या वाहनानं जाईन, दुसऱ्याच्या गाडीत बसून माहेरी उतरणार नाही. वळसंग काही लंकेत नव्हतं. पण नागपंचमीला त्यांच्या माहेरी पारावर झोके बांधत, सगळ्या बहिणी येत, आणि दोन पंचम्या गौराक्कांनी आमच्या बोळात लाह्या फोडून साजऱ्या केल्या. तिसरीही तशीच जाणार का, हा आमच्या दोन्ही घरांत न उच्चारलेला प्रश्न होता. अण्णांचा हा एकच 'याके' असा होता, की ज्याचं उत्तर त्यांना माहीत होतं आणि ते त्यांच्याच गोठ्यात उभं होतं.

कारण मोटार आल्यावर अण्णा कित्येक महिने तिच्यात बसलेच नाहीत. ती आगगाडीच्या एका साहेबाकडून आलेली, उघड्या टपाची, रंग उडालेली गाडी. तिच्याबरोबर माहितीचा एक चिटोराही आला नव्हता. अण्णांचं म्हणणं, बैलाचे दात, खूर, शेपटी बघितल्याशिवाय आपण त्याला जुंपतो का? मग हिला तरी का जुंपावी? सकाळ-संध्याकाळ ते गोठ्यात गव्हाणीवर बसून तिच्याकडे बघत. तिच्या भागांना त्यांनी आपली नावं दिली. हातातलं चक्र म्हणजे कासरा, ब्रेक म्हणजे वेसण, आणि पुढच्या दोन चाकांना खालून एकत्र बांधणारा लांब आडवा दांडा म्हणजे जू. पुढच्या जाळीवर त्यांनी घुंगुरमाळही बांधली. गौराक्कांनी ती सोडून ठेवली. अण्णांनी पुन्हा बांधली.

चालवायला शिकवण्यासाठी इस्माईलभाई नावाचा ड्रायव्हर येई. मोठा शांत माणूस. आठवडाभरातच तो माझ्या ओट्यावर येऊन टेकला आणि घाम पुसत म्हणाला, "बाबूजी, मैं गाडी चलाना सिकातूं. गाडी की सात पीढ्यां मेरेकू नै मालूम. इनो पूछते, चाक गोल कायकू. मैं क्या बोलूं?"

"तुम्ही काय बोललात?"

"बोल्या, अल्ला की मर्जी. तो पूछे, अल्ला की ऐसी मर्जी कायकू."

तरी अण्णा शिकले. आणि शिकल्यावर लक्षात आलं, की गाडीचे पुढचे टायर वहाणेसारखे झिजताहेत. दोन्ही बाहेरच्या कडेनं. चक्र जड लागे, वळताना टायर किंचाळत. येताना साहेबानं ती कुठल्याशा मैलाच्या दगडावर घातली होती, त्यात ते जू थोडं वाकलं होतं. छावणीकडच्या कारखान्यात नेऊन ते नीट करून घ्यावं, असं इस्माईलभाईनं सुचवलं. अण्णा म्हणाले, "दुसऱ्याच्या हातनं सरळ झाल्याली गाडी माज्या हातात वाकडीच जायाची. घरीच बघू."

आणि बघायला त्यांनी मला बोलावलं.

मी गोठ्याच्या दारात, गाडीसमोर, गिरणीतल्या साहेबासारखा कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. आणि मला नुसतं दिसलं नाही, साक्षात्कार झाला. दोन्ही चाकं पुढून एकमेकांकडे झुकली होती. नाकाच्या शेंड्याकडे बघणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसारखी.

"अण्णा, तुमची मोटार तिरळी आहे."

अण्णा माझ्या शेजारी येऊन वाकले. "व्हय की! लई तिरळी हाय. पर केशवराव, हिला कारखान्यातनंच तिरळी धाडली, का मागनं झाली?"

"मागनं."

"सगळी मागनं? का जराशी आदीपास्नं हुती? बांधणाऱ्यानं थोडी तिरळी ठेवली आसंल तर? याके?"

आता याचं खरं उत्तर 'मला माहीत नाही' हे होतं. ते सहा-सात अक्षरांचं वाक्य मला आयुष्यात कधी वेळेवर सुचलेलं नाही. मी म्हणालो, "अण्णा, तिरळेपणा तो तिरळेपणा. त्यात थोडा आणि फार काय? मुळासकट काढायचा."

मग आम्ही कामाला लागलो, आणि एवढं सांगतो, की मोजणी मी चोख केली. जॅकनं पुढचा भाग उचलला. चाक गरागरा फिरवून टायरला खिळा टेकवला, म्हणजे मधोमध एक रेघ उमटली. दोन बांबूच्या कामट्या एकमेकींवर सरकतील अशा बांधून त्यांचं माप केलं. दोन्ही चाकांच्या रेघांमधलं अंतर आधी पुढच्या बाजूनं घेतलं, मग मागच्या बाजूनं, आसाच्या उंचीला. पुढचं अंतर मागच्यापेक्षा चांगलं दोन बोटं कमी भरलं. मी गाडीखाली शिरलो, जुवाची खीळ सैल केली आणि ते दांडकं पिळायला लागलो. कामट्या अण्णांच्या हातात. पुढची आणि मागची मापं सारखी झाली तेव्हा अण्णा वरून म्हणाले, "झालं की. बास."

मी खालून म्हणालो, "आणखी जरा. रोग उलटू नये म्हणून."

औषधाचा एक डोस जास्त घेणारी माणसं आपल्याकडे फार. मी त्यांतलाच. बाहेर आलो तेव्हा पुढचं माप मागच्यापेक्षा थोडं जास्त झालं होतं. चाकं आता एकमेकांकडे बघत नव्हती. एक बार्शीकडे बघत होतं, दुसरं विजापूरकडे. पण मला ती छाती काढून उभ्या राहिलेल्या शिपायासारखी दिसली. चक्रही हलकं लागलं. अण्णांनी मला गूळ-शेंगदाणे दिले. ते मी खाल्ले.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच वळसंगला निघाले. आधी गाडी दगडांतून जाऊ दे, मग लेक, असा सासऱ्यांचा करार. गौराक्कांनी हिरवं इरकल लुगडं काढून दोरीवर वाऱ्याला टाकलं होतं.

पुढचं मी अण्णांच्याच तोंडून ऐकलं. गाडी रस्ताभर नुकत्या सुटलेल्या खोंडासारखी चालली. जरा खडा लागला की डावीकडे, जरा चाकोरी लागली की उजवीकडे. त्यांनी कासरा दोन्ही हातांनी आवळून धरला. फाटकापाशी बैलगाड्यांची जुनी चाकोरी होती. उजवं चाक तिच्या काठावर चढलं, गाडीनं एकदम नाक वळवलं, आणि दगडावर आदळून मडगार्ड कागदासारखं मुडपलं. दिवा फुटला. दगडाला काही झालं नाही.

गुरुपादप्पा ओसरीवर बसले होते. उठले नाहीत. एवढंच म्हणाले, "बैलं आसती तर लाजली आसती." आणि आत गेले.

अण्णा तिन्हीसांजेला परतले. गौराक्कांनी मडगार्डकडे पाहिलं, नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि ते लुगडं दोरीवरून काढून घडी घालून ट्रंकेत ठेवलं. घडी फार नीट घातली. मी माझ्या ओट्यावर होतो, आणि मला त्या वेळी अचानक घरात पुष्कळ काम आठवलं.

मला वाटलं, आता अण्णा गाडी विकतील, किंवा मला शिव्या देतील. त्यांनी दोन्हींतलं काहीच केलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गव्हाणीवर. रागवायला जो वेळ लागतो तो त्यांच्याकडे शिल्लकच नसे. त्यांना मडगार्डचं दुःख नव्हतं. हलकी झालेली गाडी बेताल का झाली, हे कळत नव्हतं त्याचं होतं.

ते कळलं रांगोळीमुळे. गोठ्याचं दार आणि घराचं दार एकाच बोळात, पुढे शहाबादी फरशी. गौराक्का रोज सकाळी त्या फरशीवर भलीमोठी रांगोळी घालत, आणि अण्णा रोज तिच्यावरून गाडी काढत. दोघांपैकी कुणीही माघार घेतली नव्हती. त्या सकाळी गाडी गेल्यावर गौराक्का झाडू घेऊन बाहेर आल्या आणि थांबल्या.

"अवो, हितं या. हे बगा."

"काय बगू? पुसली रांगोळी. रोजच पुसती."

"तसं न्हवं. बैलगाडीचं चाक जायचं तवा चाकाएवडी पट्टी उटायची, बाजूच्या रेगा हाय तशा ऱ्हायच्या. ह्या मोटारीनं पोतेरं मारल्यागत फरपटून नेलीया. आन् दोनी चाकांनी आतल्या अंगाला."

अण्णा फरशीवर ओणवे झाले. नाक रांगोळीला लागेल इतके. मग वर बघून बायकोला म्हणाले, "याके?"

"ते मला काय ठावं? मी रांगोळी घालती, मोटार न्हाय."

"पुन्ना घाल. निस्त्या आडव्या रेगा घाल. कमळ नगं."

पुढचे दिवस आमच्या बोळात जे चाललं ते बघायला शेजारच्या बोळातले तेलुगू विणकर माग सोडून येत. गौराक्का पदर खोचून आडव्या रेघा ओढत, अण्णा गाडी ढकलत, दोघं ओणवे होऊन बघत, भांडत, पुन्हा रेघा. इतकी वर्षं एकमेकांशी मोजकं बोलणारं ते जोडपं मी प्रथमच इतकं बोलताना ऐकलं. "मी सांगितलं की आत वढलीया!" "आगं, जरा कमी वढलीया कालच्यापरीस!" मीही एकदा मदतीला गेलो. गौराक्कांनी मला रांगोळीचा डबा धरून उभं केलं आणि दुसरं काही करू दिलं नाही.

मग अण्णांनी मला हाताला धरून खाली बसवलं.

"केशवराव, बगा. चाक ज्या तोंडानं चालतंय तिकडंच जायला मिळालं तर ते रांगोळी फरपटील का? न्हाय. ह्याला जायचंय भाईर, आन् जू ह्याला वढतंय आत. म्हणून रांगोळी आत. खरं का न्हाय?"

"खरं," मी म्हणालो.

"मग तुमी तिरळेपणा काडला, का दुसरा घातला?"

मी रांगोळीच्या डब्यात बघत राहिलो. डब्यात रांगोळी होती.

अण्णांनी जू रोज केसभर उलटं पिळलं. हळूहळू फरपट कमी झाली, आणि एके सकाळी गाडी ढकलली तर रेघांवर टायरची स्वच्छ नक्षी उमटली. इकडे नाही, तिकडे नाही. गौराक्का म्हणाल्या, "झालं." मीही म्हणालो. अण्णा म्हणाले नाहीत. त्यांनी गाडी सुरू केली, लांबून वेगात आणली, आणि रेघांवरून नेली. उतरून पाहतात तो पुन्हा जराशी फरपट. आतच.

"याके!" ते ओरडले. पण चेहरा असा, की घबाड सापडलं. "ढकलली तवा सरळ, पळवली तवा वाकडी!"

त्या दिवशी ते जेवले नाहीत. गाडीखाली शिरून जुवाचे सांधे हातानं हलवत राहिले. संध्याकाळी बाहेर आले, तोंडाला वंगण, आणि सरळ माझ्या ओट्यावर.

"सांद्यात जरा ढील हाय. आसनारच. पळताना रस्ता चाकांना मागं रेटतो, आन् ढील हाय तेवडी चाकं फाकत्यात. बैलं बी फाकत्यातच की, जोरात निगाली की! म्हणून बांधणाऱ्यानं उभ्या गाडीला जराशी तिरळी ठेवली. उभी आसताना तिरळी, तवा पळताना सरळ!" त्यांनी माझा खांदा दाबला. "मी तवाच इचारलं हुतं न्हवं, थोडी आदीपास्नं आसंल तर? तुमी सांगितलं, मुळासकट काडायचा."

त्यात टोचणी नव्हती, हेच जास्त टोचलं. ते खरोखरच फक्त खूश होते.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी गाडी निघाली. 'आधी गाडी, मग लेक' हे वडलांचं म्हणणं गौराक्कांनी या वेळी मानलं नाही. पुढे अण्णा, शेजारी हिरवं इरकल नेसलेल्या गौराक्का, मांडीवर लाह्यांचं गाठोडं, जाळीवर घुंगुरमाळ. या वेळी ती सोडून ठेवायला कुणी आलं नाही. मागच्या सीटवर मी. मला मानानं नेलं नव्हतं. मागं थोडं ओझं हवं, असं अण्णा म्हणाले होते.

वळसंगच्या फाटकापाशी चाकोरी तशीच होती. दगड तसेच. ओसरीवर म्हातारा तसाच. अण्णांनी वेग कमी केला नाही. करारात पळती चाल होती. उजवं चाक चाकोरीच्या काठावर चढलं, मी डोळे मिटले, घुंगरं खणखणली, आणि डोळे उघडले तेव्हा आम्ही अंगणात होतो, आणि गौराक्का गाडी पुरती थांबायच्या आत उतरून बहिणीच्या गळ्यात पडल्या होत्या.

गुरुपादप्पा उठले. आधी फाटकाशी जाऊन त्यांनी दोन्ही दगडांवरून हात फिरवला. मग गाडीसमोर येऊन वाकले, बैलाचे पाय बघावेत तसं चाकांकडे बघितलं.

"तिरळी दिसती की रं."

"जराशी, मामा. मुद्दाम."

"याके?" म्हातारा म्हणाला.

अण्णांचा चेहरा मी त्या क्षणी पाहिला. आयुष्यभर जो प्रश्न त्यांनी दुसऱ्यांना विचारला तो पहिल्यांदा त्यांना कुणीतरी विचारला होता. ते दोघं तिथेच मातीत उकिडवे बसले, आणि जेवणाची तिसरी हाक आली तरी उठले नाहीत.

पुढे गिरणीनं मला दुसऱ्या गावी धाडलं. बऱ्याच वर्षांनी सोलापुरात आलो तेव्हा त्या बोळात गेलो. अण्णा दारात स्टुलावर बसले होते. पिवळा रुमाल तोच, डोळ्यांत मोतीबिंदू. मांडीवर विजेचा एक उघडलेला पंखा होता आणि बोटांनी ते त्याची पाती चाचपत होते. चाहूल लागली तशी मान वर केली.

"कोन हाय? हितं या. हा पंखा वारं म्होरं टाकतो, तर मागली हवा आटत न्हाय. याके?"

मला खोडी सुचली. मी गप्प उभा राहिलो. बघू तरी, ओळखतात का. अण्णांनी हात पुढे केला, माझ्या वहाणेला लावला, बोटं कडेवरून फिरवली आणि हसले. पण नाव आठवेना. तेवढ्यात आतून गौराक्का आल्या. दिवेलागणीची वेळ, माझं तोंड अंधारात. त्यांनी तोंडाकडे पाहिलंही नाही. फरशीवरच्या रांगोळीकडे पाहिलं. मी तिच्यातूनच चालत आलो होतो.

"केशवभावजी हायत," त्या म्हणाल्या.

मी चकित झालो. "वहिनी, इतक्या वर्षांनी, तोंड न बघता?"

"तोंड कशाला बगायचं? पावलं बगा की, एक बार्शीला चाललंय, एक विजापूरला." मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "माणूस सोताच बदकागत भाईर पाय टाकीत चालतो, आन् आमी त्याच्या हातात चाकं दिली!"